पहाऱ्याचे स्थलांतर : सर्व्हरवरील जावास्क्रिप्ट आणि अंतःस्थ फायरवॉल

नोड जेएसवर चालणाऱ्या वेब ॲप्लिकेशनमध्ये अंतःस्थ फायरवॉल बसवावयाची, तर तिच्याविषयीचा पहिला नियम असा सांगितला जातो की, ती प्रोग्रॅमच्या अगदी पहिल्या ओळीत हजर झाली पाहिजे. डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, फायली उघडणारी लायब्ररी, बाहेरच्या यंत्रांकडे विनंत्या धाडणारी लायब्ररी, ह्या सर्वांच्या आधी तिने आपली जागा घ्यावयाची असते. हा क्रम चुकला तर फायरवॉल चालू असल्याचे दिसते आणि पहारा मात्र कोणाचाच नसतो. वरवर पाहता हा नियम केवळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या शिस्तीचा वाटतो. वस्तुतः त्याच्यामागे पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेला एक वाद आहे. ज्याचे रक्षण करावयाचे त्याच्या बाहेर पहारेकरी ठेवावा की आत, हा तो वाद होय. बाहेर ठेवलेला पहारेकरी स्वतंत्र राहतो. परंतु आत काय चालले आहे ते त्याला कळत नाही. आत ठेवलेल्याला सारे दिसते. परंतु ज्यांच्यावर नजर ठेवावयाची त्यांच्याच पंक्तीला तो बसलेला असतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पहारा क्रमाक्रमाने आत सरकत गेला. त्याचे लाभ आवर्जून सांगितले गेले. त्याची किंमत तितकी मोजली गेली नाही.

ही किंमत मोजावयाचे माप मात्र फार जुने आहे. अमेरिकी वायुदलासाठी जेम्स अँडरसन ह्यांनी ऑक्टोबर १९७२ मध्ये संगणक-सुरक्षेवर जो अहवाल सादर केला, त्यात एकाच यंत्रावर काम करणाऱ्या अनेक व्यक्तींना परस्परांच्या माहितीपासून दूर कसे ठेवावे, हा प्रश्न होता. अँडरसन ह्यांनी सुचविलेल्या निरीक्षक यंत्रणेला तीन अटी होत्या. पहिली, तिच्यात कोणालाही ढवळाढवळ करता येऊ नये. दुसरी, माहितीकडे जाणारा प्रत्येक प्रयत्न तिच्यावरूनच गेला पाहिजे. तिसरी, ती इतकी लहान असावी की तिचे पूर्ण परीक्षण शक्य व्हावे. १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर ह्यांनी संरक्षणाच्या तत्त्वांवर जो विख्यात निबंध लिहिला, त्यातील अखंड मध्यस्थी आणि यंत्रणेची काटकसर ही तत्त्वे ह्याच कुळातील आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अँडरसन ह्यांचा निरीक्षक यंत्राच्या आतच होता, वेशीवर नव्हता. तथापि तो कार्यकारी प्रणालीच्या गाभ्यात होता आणि सामान्य प्रोग्रॅमची मेमरी व त्याची मेमरी ह्यांच्यामध्ये हार्डवेअरची भिंत होती. आत असूनही वेगळा, अशी त्याची अवस्था होती.

जाळ्यांच्या युगात हा विचार मागे पडला, ह्याचे कारण संकटाचे रूपच बदलले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म इंटरनेटवर पसरला आणि परस्परांवर विश्वास टाकून जोडलेली यंत्रे किती उघडी आहेत, हे सर्वांच्या प्रत्ययास आले. प्रत्येक यंत्र दुरुस्त करण्यापेक्षा सर्वांच्या पुढे एकच दार उभारणे सोपे, हा त्यावरचा व्यावहारिक निष्कर्ष होता. १९८९ मध्ये जेफ्री मोगल ह्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची छाननी करणारी यंत्रणा वर्णिली. १९९० मध्ये विल्यम चेसविक ह्यांनी आपल्या संस्थेच्या प्रवेशद्वाराची रचना प्रसिद्ध केली आणि बाहेरून कडक व आतून मऊ अशा व्यवस्थेचे जे वर्णन केले, ते पुढे ह्या सबंध पद्धतीला चिकटले. १९९४ मध्ये चेसविक आणि बेलोविन ह्यांचा फायरवॉलवरील ग्रंथ आला. त्याच वर्षी चेक पॉइंट ह्या इस्रायली कंपनीचे उत्पादन बाजारात आले. फायरवॉल ही वस्तू आता विकत मिळू लागली. आत सारे विश्वासू आणि बाहेर सारे संशयित, ही भूमिका तिच्या रचनेतच होती.

ह्या भूमिकेला धक्का बसला तो वेबमुळे. पॅकेट छानणारी फायरवॉल पत्ता आणि पोर्ट पाहते. त्या काळी वेबचा बहुतेक व्यवहार ८० क्रमांकाच्या पोर्टावरून होई आणि ते पोर्ट बंद ठेवले तर दुकानच बंद होई. म्हणजे जे दार उघडे ठेवणे भाग आहे, त्याच दारातून ग्राहक येतो आणि चोरही येतो. दोघांचा वेष एकच. डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' ह्या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभ्यासकाने, वेबच्या फॉर्ममध्ये भरलेला मजकूर डेटाबेसची आज्ञा कसा बनू शकतो, हे दाखविले. पुढे एसक्यूएल इंजेक्शन ह्या नावाने ओळखला गेलेला हल्ला तो हाच. त्यात एकही पॅकेट अवैध नसते. अवैध असतो तो अर्थ. आणि अर्थ पॅकेटच्या माथ्यावर लिहिलेला नसतो.

तेव्हा पहारा एक पाऊल आत आला. वेबची भाषा जाणणारी, विनंतीचा मजकूर वाचणारी फायरवॉल निर्माण झाली. इव्हान रिस्टिच ह्यांनी २००२ मध्ये अपाची सर्व्हरसाठी काढलेली मॉडसिक्युरिटी ही तिच्यातील सर्वांत प्रभावी ठरली. हिचा प्रसार केवळ गुणांमुळे झाला असे मात्र म्हणता येणार नाही. पेमेंट कार्डांचा व्यवहार करणाऱ्यांसाठी असलेल्या पीसीआय नियमावलीत, वेब ॲप्लिकेशनच्या कोडचे परीक्षण करवून घ्यावे अथवा त्याच्यापुढे अशी फायरवॉल बसवावी, असा पर्याय होता आणि तो ३० जून २००८ पासून बंधनकारक झाला. परीक्षणाला माणसे व वेळ लागतो, फायरवॉल विकत घेता येते. पुष्कळांनी काय निवडले असेल, हे सांगावयास नकोच.

अक्षरे वाचून अर्थ ओळखण्याच्या ह्या प्रयत्नाची मर्यादा तिच्या स्वरूपातच आहे. ओब्रायन हे आयरिश आडनाव रोमन लिपीत लिहिताना ओ ह्या अक्षरानंतर एकेरी अवतरणचिन्हासारखे चिन्ह येते, आणि एसक्यूएलमध्ये तेच चिन्ह मजकुराची सीमा दाखविते. वेशीवरच्या पहारेकऱ्याने ते अडविले तर निरपराध ओब्रायन बाहेर राहतात. सोडले तर त्याच चिन्हाच्या आडून आज्ञा आत जाते. ती विनंती पुढे कोणत्या क्वेरीत, कोणत्या जागी बसणार आहे, हे त्याला ठाऊकच नसते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे ह्या जावा लायब्ररीतील दोष उघड झाला, तेव्हा हेच पुन्हा दिसून आले. बाहेरच्या फायरवॉलींनी हल्ल्यातील ठरावीक अक्षरक्रम अडविताच हल्लेखोरांनी ती अक्षरे त्या लायब्ररीच्याच व्याकरणाने तुकड्यातुकड्यांनी लिहावयास सुरुवात केली. लायब्ररी ते तुकडे जोडत होती. पहारेकऱ्याला त्यांचा पत्ता नव्हता.

२०१९ मध्ये घडलेल्या दोन घटनांनी वेगळाच धडा दिला. त्या वर्षी २ जुलै रोजी क्लाउडफ्लेअर कंपनीने आपल्या वेब फायरवॉलमध्ये एक नवा नियम घातला. त्यातील रेग्युलर एक्स्प्रेशन असे होते की, मजकूर जुळतो की नाही हे ठरविण्यातच सर्व्हरांची सारी गणनशक्ती खर्च झाली आणि सुमारे २७ मिनिटे त्या कंपनीच्या आश्रयाने चालणारी असंख्य संकेतस्थळे बंद पडली. त्याच वर्षी कॅपिटल वन ह्या बँकेच्या अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख व्यक्तींची माहिती चोरीस गेली. चुकीच्या रीतीने बसविलेल्या वेब फायरवॉललाच विनंती करावयास लावून, क्लाउडमधील तिच्या अधिकाराची ओळखपत्रे मिळविण्यात आली होती. कुंपणानेच शेत खाल्ले, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. पहारेकऱ्यालाही अधिकार असतात, त्यालाही श्रम होतात आणि त्याचीही फसवणूक होऊ शकते, हे ह्या घटनांनी दाखविले. पहारेकरी आत आल्याने ह्यांपैकी एकही गोष्ट बदलत नाही, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे इष्ट आहे.

अंतःस्थ फायरवॉलची तात्त्विक पायाभरणी बाजारात झाली नाही, विद्यापीठांत झाली. परक्या मजकुराला खूण करून ठेवावी आणि तो नाजूक जागी वापरला जाऊ लागला तर अडवावे, ही कल्पना पर्ल ह्या भाषेत आधीच होती. २००५ मध्ये ब्यूरर, वीड आणि सिव्हिलॉटी ह्यांनी असे सुचविले की, वापरणाऱ्याचा मजकूर घालण्यापूर्वी व घातल्यानंतर क्वेरीचा व्याकरणवृक्ष कसा होतो, ते ताडून पाहावे. त्याच वर्षी हाफंड आणि ओर्सो ह्यांनी मूळ कोडवरून वैध क्वेऱ्यांचा नमुना काढून चालू क्वेरी त्याच्याशी पडताळण्याची पद्धत मांडली. २००६ मध्ये सू आणि वासरमन ह्यांनी ह्या सर्वांना नेमकी व्याख्या दिली. बाहेरून आलेल्या मजकुराने क्वेरीची वाक्यरचनाच बदलली, तर तो हल्ला. केवळ एका पदाची जागा भरली, तर तो नव्हे. ओब्रायन ह्यांचा प्रश्न ह्या व्याख्येने सुटला. परंतु ही तुलना करावयाची तर मूळ विनंती आणि तयार झालेली क्वेरी ह्या दोन्ही एकाच वेळी समोर असाव्या लागतात. त्या दोन्ही एकत्र दिसतील अशी जागा एकच, ती म्हणजे चालू असलेल्या ॲप्लिकेशनच्या आत.

२०१२ च्या सुमारास गार्टनर ह्या सल्लागार संस्थेने ह्या प्रकाराला धावत्या ॲप्लिकेशनचे आत्मसंरक्षण अशा अर्थाचे नाव दिले आणि त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांतील बहुतेकांचे स्वतंत्र आयुष्य अल्प ठरले. इम्युनिओ २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रोने घेतली. प्रिव्होटी व टीसेल २०१८ मध्ये अनुक्रमे इम्पर्व्हा व रॅपिड-सेव्हन ह्यांच्याकडे गेल्या. फ्रान्समधील स्क्रीन ही कंपनी २०२१ मध्ये डेटाडॉगने विकत घेतली. शेवटच्या व्यवहारात एक औचित्य आहे. डेटाडॉगच्या धंद्यात ॲप्लिकेशनच्या कामगिरीचे मोजमाप करणेही येते. आणि चालू प्रोग्रॅममधील फंक्शनांवर वेष्टन चढविण्याचे जे तंत्र अंतःस्थ फायरवॉल वापरते, ते अशा मोजमापाच्या साधनांत आधीपासून रुळलेले होते. क्वेरीला किती वेळ लागला हे मोजणारे वेष्टन आणि क्वेरी घातक आहे काय हे पाहणारे वेष्टन, ही एकाच कापडाची आहेत.

आता नोड जेएसकडे वळावयास हवे. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालविण्याचा प्रयोग नेटस्केपने १९९५ मध्येच केला होता. तो टिकला नाही. रायन डाल ह्यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिन येथील परिषदेत नोड जेएस सादर केले आणि पुढल्याच वर्षी एनपीएम हे लायब्रऱ्यांचे भांडार सुरू झाले. ह्या व्यवस्थेची दोन वैशिष्ट्ये अंतःस्थ फायरवॉलच्या दृष्टीने निर्णायक आहेत. जावास्क्रिप्टमध्ये कोणतेही फंक्शन चालू प्रोग्रॅममध्येच बदलून टाकता येते. त्यामुळे वेष्टन चढविणे अत्यंत सुलभ. डेटाबेसची लायब्ररी कोणी मागविली की फायरवॉल मध्येच ती हाती घेते, तिच्या क्वेरी फंक्शनच्या जागी आपले फंक्शन ठेवते, आणि मग ती मागणाऱ्याच्या स्वाधीन करते. हे झाले सोयीचे वैशिष्ट्य.

दुसरे गैरसोयीचे आहे आणि त्याची कथा कमी लोकांना ठाऊक आहे. त्या काळच्या रूढ जावा सर्व्हरमध्ये एका विनंतीला एक धागा दिलेला असे. धाग्याला विनंतीची चिठ्ठी बांधून ठेवली की, तो धागा डेटाबेसपाशी येताच चिठ्ठी वाचता येई. नोडमध्ये एकच धागा हजारो विनंत्या हाताळतो. एक विनंती डेटाबेसला प्रश्न विचारून बाजूला होते, तोवर दुसरी, तिसरी, दहावी पुढे येते. क्वेरी फंक्शनवर बसलेल्या पहारेकऱ्याला क्वेरी दिसते, पण ती कोणाची हे कळत नाही. आणि ते कळल्याखेरीज सू व वासरमन ह्यांची तुलना करताच येत नाही. २०१२ मध्ये नोडमध्ये डोमेन नावाची सोय आली. ती मुख्यतः चुका हाताळण्यासाठी होती आणि पुढे त्याज्य ठरविण्यात आली. २०१७ मध्ये नोडच्या आठव्या आवृत्तीत असिंक हुक्स आले. अखेर मार्च २०२० मध्ये असिंक लोकल स्टोरेज ह्या नावाची सोय १३.१० ह्या आवृत्तीत आली आणि विनंतीची चिठ्ठी तिच्यापासून निघालेल्या सर्व कामांमागून आपोआप जाऊ लागली. नोडसाठीच्या अंतःस्थ फायरवॉलचा खरा आरंभ येथून धरावा, असे म्हणावयास हरकत नाही. तरीही काही लायब्रऱ्या कामे स्वतःच्या रांगेत लावतात आणि तेथे चिठ्ठी हरवते. चिठ्ठीविना आलेल्या क्वेरीचे काय करावे? अडविली तर निरपराध काम बंद पडते. सोडली तर पहाऱ्यात खिंडार. व्यवहारात ती सोडण्याकडेच कल असणे स्वाभाविक आहे.

अंतःस्थ पहाऱ्याचे सामर्थ्य कोठे दिसते, ह्याचे उत्तम उदाहरण मोंगोडीबी ह्या डेटाबेसचे आहे. तेथे क्वेरी ही मजकुराची ओळ नसून जावास्क्रिप्टची वस्तू असते. लॉगिनच्या फॉर्ममध्ये पासवर्ड ह्या नावाच्या पुढे चौकटी कंसात डॉलरचिन्ह आणि 'बरोबर नाही' अशा अर्थाची दोन अक्षरे लिहून पाठविली, तर एक्स्प्रेसच्या अनेक ॲप्लिकेशनांत वापरला जाणारा फॉर्म-वाचक त्याची आपोआप वस्तू बनवितो. मग 'ज्याचा पासवर्ड हा आहे तो' ह्याऐवजी 'ज्याचा पासवर्ड रिकामा नाही तो' असा प्रश्न डेटाबेसला जातो आणि दार उघडते. ह्यात संशयास्पद अवतरणचिन्ह नाही, एसक्यूएलचा शब्द नाही. वेशीवर हे ओळखावयाचे तर पुन्हा अक्षरांवरूनच तर्क करावा लागतो. आतल्या पहारेकऱ्याला मात्र स्पष्ट दिसते की, वापरणाऱ्याकडून आलेली वस्तू तिच्यातील क्रियाचिन्हासह जशीच्या तशी क्वेरीत बसली आहे. २०२४ मध्ये बेल्जियममधील आयकिडो कंपनीने नोडसाठी झेन नावाची जी मुक्तस्रोत अंतःस्थ फायरवॉल काढली, तिच्यासारखी साधने एसक्यूएल, मोंगोडीबी, फायलींचे मार्ग, शेलच्या आज्ञा आणि बाहेर जाणाऱ्या विनंत्या अशा सर्व मुखांवर हीच पद्धत लावतात. अर्थात ज्या ॲप्लिकेशनमध्ये प्रत्येक एसक्यूएल क्वेरी मूल्यांपासून वेगळी ठेवून पाठविली जाते आणि येणाऱ्या प्रत्येक मूल्याचा प्रकार तपासला जातो, तेथे ह्या पहारेकऱ्याला फारसे काम उरत नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता अँडरसन ह्यांची पहिली अट. नोडच्या प्रोसेसमध्ये फायरवॉल, ॲप्लिकेशन आणि एनपीएमवरून आलेल्या शेकडो लायब्रऱ्या एकाच मेमरीत, एकाच अधिकाराने वावरतात. ज्या मोकळीकीने फायरवॉल दुसऱ्याच्या फंक्शनवर वेष्टन चढविते, त्याच मोकळीकीने दुसरी लायब्ररी ते उतरवू शकते. २०१८ मध्ये ऑलिव्हिए आर्तो ह्यांनी दाखवून दिले की, जावास्क्रिप्टमधील सर्व वस्तूंचे समाईक मूळरूपच वापरणाऱ्याच्या मजकुरावाटे बिघडविता येते. त्या बिघाडातून फायरवॉलच्या वस्तूंनाही वेगळी सूट नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात इव्हेंट-स्ट्रीम ही लोकप्रिय लायब्ररी नव्या निर्वाहकाच्या हाती गेल्यावर, तिच्याबरोबर येणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीत कोपे ह्या बिटकॉइन वॉलेटला लक्ष्य करणारा कोड लपविला असल्याचे उघडकीस आले. अशा प्रसंगी हल्ला विनंतीच्या वाटेने येतच नाही. तो आधीच घरात राहावयास आलेला असतो. जावास्क्रिप्टच्या पोटात जावास्क्रिप्टचा तुरुंग बांधण्याचा प्रयत्न व्हीएमटू ह्या लायब्ररीने अनेक वर्षे केला. एकामागून एक पळवाटा सापडत गेल्याने जुलै २०२३ मध्ये निर्वाहकाने ते काम थांबविले. स्वतः डाल ह्यांनी जून २०१८ मध्ये बर्लिनमध्येच नोडविषयीच्या आपल्या पश्चात्तापांची यादी वाचली, तीत सुरक्षेकडे झालेले दुर्लक्ष होते. त्यातून डेनो ही अधिकार मागून घेणारी नवी व्यवस्था निघाली. नोडमध्येही एप्रिल २०२३ च्या विसाव्या आवृत्तीत परवाने देण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात आली. तिच्या अधिकृत दस्तऐवजात तिला गाडीतील सुरक्षापट्ट्याची उपमा दिली असून, दुष्ट हेतूने लिहिलेल्या कोडपुढे ती हमी देत नाही, असे प्रांजळपणे म्हटले आहे. फायरवॉल विकणाऱ्यांच्या पत्रकांत असा प्रांजळपणा विरळा.

तिसऱ्या अटीविषयी थोडक्यात सांगता येईल. डझनावारी लायब्रऱ्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर वेष्टने चढविणारी यंत्रणा लहान राहूच शकत नाही. त्या लायब्रऱ्यांच्या अंतर्रचना बदलल्या की वेष्टनेही बदलावी लागतात.

राहिली दुसरी अट, प्रत्येक प्रयत्न पहाऱ्यावरूनच जाण्याची. पहिल्या ओळीचा नियम तिच्यासाठीच आहे. पण तो नियमही आता अपुरा पडतो. नोव्हेंबर २०१९ पासून नोडमध्ये जावास्क्रिप्टची नवी प्रमाण मोड्यूल-पद्धती खास सूचनेविना चालू लागली. तीत सर्व आयातींची जोडणी आधी होते आणि मग पहिली ओळ चालते. शिवाय आयात केलेली नावे बाहेरून बदलता येत नाहीत. म्हणून फायरवॉल प्रोग्रॅममध्ये न लिहिता नोड सुरू करण्याच्या आज्ञेतच द्यावी लागते. त्याहून अवघड प्रसंग बंडलिंगचा. सर्व लायब्रऱ्या वितरणापूर्वीच एका फायलीत ओवल्या गेल्या, तर चालू असताना लायब्ररी मागविण्याची क्रियाच घडत नाही आणि वेष्टन चढविण्याची संधीही येत नाही. फायरवॉल सुरू होते, आपण सुरू झाल्याचे लॉगमध्ये लिहिते, आणि एकाही फंक्शनावर तिचा हात नसतो. ३१ मार्च २०२५ पासून पीसीआय नियमावलीतील जुना पर्याय संपला असून सार्वजनिक वेब ॲप्लिकेशनपुढे हल्ले ओळखून रोखणारी स्वयंचलित यंत्रणा असणे बंधनकारक झाले आहे. परीक्षकापुढे लॉगमधील ती नोंद पुरावा म्हणून ठेवण्याचा मोह होणार, हे उघड आहे. पुरावा तो नव्हे. प्रत्येक वितरणानंतर, चालू ॲप्लिकेशनवर, प्रत्येक मुखासाठी एकेक ठरावीक निरुपद्रवी हल्ला स्वतः करून पाहावयाचा आणि तो अडला की नाही ते नोंदवावयाचे, एवढीच दुसऱ्या अटीची आज उपलब्ध असलेली तपासणी होय.